बारवीच्या रानातलं सापघर

निर्मल, गेल्या रविवारी बदलापुरात तुझी शोकसभा झाली आणि तिथं तुला ‘नागकन्या’ म्हणाले. टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. त्यात तू ओळखपत्रासाठी बसवल्यासारखी ताठ. आणि माइकपुढचे गृहस्थ सांगतायत, की बाईंना सापांची भाषा कळायची, नाग त्यांच्यासमोर फणा उतरवायचे. मी उठणार हे तुझ्या भावाच्या लक्षात आलं. सिद्धार्थनं माझं मनगट धरून ठेवलं. “राहू दे कुंदाताई, आज नको,” म्हणाला. म्हणून मी बसून राहिले. तू असतीस तर बसली नसतीस. भर सभेत उठून सांगितलं असतंस, की सापाला बाहेरून कान नसतात, तो माझं काय ऐकणार आणि मी त्याचं काय ऐकणार. मग सगळे हिरमुसले असते आणि चहा घेऊन घरी गेले असते. तुझ्या कुठल्याही कार्यक्रमाचा शेवट असाच व्हायचा.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे. माझ्या हातून आज ते होईलसं वाटत नाही. तुझं-माझं बोलणं कधी सरळ सुरू झालं आणि सरळ संपलं असं मला आठवतच नाही. आणि आता तर तू मधूनच उठून गेलीस. माझं बोलून व्हायचं होतं.

तू पहिल्यांदा कात्रपच्या आमच्या शाळेत आलीस ती रिकाम्या हातानं. हेडमास्तरांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, की उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई येणार आहेत, साप बघायला मिळणार. आणि तू खांद्याला एक झोळी लावून आलीस, झोळीत पाण्याची बाटली. पोरांचे चेहरे पडले. तू विचारलंस, “मारलेला साप कोणी कोणी पाहिलाय?” वर्गभर हात वर झाले. “आणि जिवंत, आपल्या वाटेनं चाललेला?” दोन-चार हात, तेही अर्धवट. “मग मी आणून काय करू? तो माझ्या झोळीतून आपल्या वाटेनं कसा जाईल?”

मला तू तेव्हा आगाऊ वाटली होतीस, हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, “होतेच.”

स्टाफरूममध्ये चहा पिताना भिंतीवरची माझी चित्रं बघत होतीस. मी चित्रकला शिकवते हे कळल्यावर विचारलंस, नाग काढून दाखवाल का? मी फळ्यावर खडूनं झरझर काढला. पोरांना आवडतो तसा, फणा काढलेला, डोळे वटारलेला. तू बराच वेळ बघितलंस.

“हा रागावलाय का हो?”

“नाग आहे ना.”

“सापाला भुवया नसतात, बाई. या तुमच्या आहेत.”

सगळा स्टाफ हसला. मी लाल झाले. पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. तोवर शेकडो साप काढले असतील, एकदाही भुवयांचा विचार केला नव्हता. पुढच्या रविवारी मी तुझ्याबरोबर बारवीच्या रस्त्यानं रानात होते, मांडीवर कागद, आणि तू करवीच्या झुडपात हरणटोळ कुठे आहे ते बोटानं दाखवत होतीस. हिरव्यात हिरवं. मला दिसेना. तू बोट हलवलं नाहीस, काही बोललीही नाहीस. ऊन कलायला लागलं तेव्हा त्या एका काडीला डोळा असल्याचं मला दिसलं. बघायला तू शिकवलंस. निदान एवढं तरी तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण तू लगेच म्हणाली असतीस, “उशीर किती लावलास ते सांग.”

तुझं केंद्र उभं राहिलं ते वनखात्याच्या एका पडक्या रोपवाटिकेत. पत्र्याची शेड, रोपांच्या काळ्या पिशव्यांचा ढीग, मोडका पंप, आणि मागे साग, ऐन, करवी थेट डोंगरापर्यंत. ती जागा मिळवायला तू किती खेपा घातल्यास ते मी बघितलंय. शेवटी एक साहेब कंटाळून म्हणाले, वापरा बाई, पण कागदावर काही मागू नका. तू कागद मागितला नाहीस. ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं.

पाटी मीच रंगवली. ‘सरीसृप निरीक्षण व संवर्धन केंद्र’. खालच्या पाड्यातली माणसं पहिल्या दिवसापासून ‘सापघर’ म्हणायला लागली आणि पुढे आपणही. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत पिंजरे असतील. आत होतं काय? कमरेएवढ्या भिंतीचं एक अंगण, जखमी साप बरा होईपर्यंत ठेवायला. एक डबकं, त्यात दिवड आणि कासवं, तीही आपण आणून ठेवलेली नव्हेत, आपापली आलेली. रानातून जाणारी एक पायवाट. वाटेवर ठिकठिकाणी बांबूचे आडोसे, त्यांना डोळ्यांच्या उंचीवर फटी, मागे बसायला ओंडके. आणि प्रत्येक आडोशाजवळ माझं एक चित्र, समोर काय दिसू शकेल त्याचं. ‘दिसू शकेल’ हे शब्द तू प्रत्येक फळ्यावर लिहायला लावलेस. मी म्हणत होते नुसतं ‘दिसेल’ लिहू या. “खोटं का लिहायचं?” बास. तुझ्यापाशी वाद म्हणजे असा.

रविवारी लोक धरण बघायला जाताना थांबायचे. डबे, चटया, ट्रान्झिस्टर. पहिला प्रश्न, कोबरा किधर है? एकदा उल्हासनगरहून एक सिंधी शेठ आले, फर्निचरचं दुकान असलेले, सगळा कुटुंबकबिला घेऊन. तू त्यांना आडोशामागे बसायला सांगितलंस.

“मॅडम, इतना पेट्रोल जलाके आये, एक कोबरा तो दिखाओ.”

“बैठना पडेगा. बात नहीं करना. शायद दिखेगा, शायद नहीं.”

“शायद?” शेठ माझ्याकडे वळले, घरातलं शहाणं माणूस शोधावं तसे. मी काय करणार? मी खांदे उडवले. ते सगळे धरणाकडे निघून गेले, फक्त त्यांची म्हातारी अम्मा मागे राहिली. गुडघे दुखतात म्हणाली. तू तिला ओंडक्यावर बसवलंस, पाठीशी तुझी झोळी दिलीस, आणि शेजारी बसून राहिलीस.

दुपारी मंडळी परतली ती आरडाओरडा करत. आडोशातून अम्मानं नुसता हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. समोरच्या कातळावर घोरपड ऊन खात पडली होती, इतक्या जवळ की तिची जीभ आत-बाहेर होताना दिसत होती. “चुप,” अम्मा म्हणाली, “हमारे गाँव में भी थी. उधर, सिंध में. मेरी माँ उसको भगाने नहीं देती थी.” शेठ बघतच राहिले. आईच्या तोंडून गावाची आठवण त्यांनी फार वर्षांनी ऐकली असावी. ते तिथेच, वाटेवरच्या मातीत, पांढऱ्या पँटीनिशी बसले. घोरपड जाईपर्यंत उठले नाहीत.

त्या दिवशी तू काय खूश होतीस! आणि मी मात्र परतीच्या वाटेवर तुला ऐकवलं, की एका अम्मासाठी आज तीन गाड्या नाराज होऊन गेल्या.

“एक नाग ठेव, निर्मल. एकच. काचेत. त्याच्यासाठी येतील, मग तुझी वाटही चालतील.”

“काचेतला बघून झाल्यावर वाट कोण चालेल?”

“निदान येतील तरी!”

“कशाला?”

तुझं हे ‘कशाला’ मला इतकं चिडवायचं. मला आजही वाटतं माझं बरोबर होतं. लोक आले असते, सापघराला माणसांचा आधार मिळाला असता, उद्या कोणी जागा मागितली असती तर शंभर जण उभे राहिले असते. ती वेळ आली तेव्हा आपण दोघीच होतो. हे बोलायचं मी टाळत आले, कारण तू आधीच दमलेली होतीस. आता बोलते.

लोक तुला ओळखायला लागले ते सापघरामुळे नाही, साप पकडण्यामुळे. पावसाळा लागला की निरोपांवर निरोप. मोरिवलीच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये नाग निघाला. उल्हासनगर कॅम्पातल्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यात धामण. कात्रपला भातशेतीत नवीन बिल्डिंगा उठत होत्या, तिथं तर कोणाच्या ना कोणाच्या न्हाणीघरात काही ना काही असायचंच. लोक रिक्षा पाठवायचे. तू आकडीची काठी आणि कापडी पिशवी घेऊन निघायचीस, पकडलेला साप सापघरात आणायचीस, तपासून मागच्या रानात सोडायचीस. सगळीकडून वाहवा. मी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून एक मोठा फलक रंगवला, ‘येथे मुक्त केलेले साप’. नाग, घोणस, मण्यार, धामण, एकेक खवला काढून. माझ्या हातचं तेच सगळ्यात चांगलं काम होतं.

खूश नव्हती ती एकटी जानी. खालच्या पाड्यात राहायची, लाकडाची मोळी घेऊन आपल्या दारावरून जायची, उन्हाळ्यात करवंदं आणून द्यायची. एकदा मोळी उतरवून फलकासमोर उभी राहिली. मी कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होते.

“बाय, तुमच्या गावचा साप तुमाला नको. मंग आमाला कशाला?”

मी म्हणाले, “अगं जानी, रान सापांचंच ना?”

“रान सापांचाच हाय. पन आमी पन रानातच ऱ्हातो ना.”

तिनं मोळी उचलली आणि गेली. मी हसून तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतीस. पण साप सोडणंही थांबवलं नाहीस. थांबवून नेणार कुठे होतीस? त्यांना मारायला टपलेल्या माणसांतून उचलून आणलेले ते.

त्यानंतरच्या भातकापणीत जानीला घोणस चावली. भरदुपारी, बांधावरचं गवत कापताना, उजव्या हाताला. तिचा नवरा आणि दोघं-तिघं तिला उचलून सापघरात घेऊन आले. हात कोपरापर्यंत सुजला होता. तू माझ्या एका फळ्याच्या मागची पट्टी उपटून काढलीस, तिच्या हाताला आधार म्हणून बांधलीस, आणि दूधवाल्याचा टेम्पो वाटेतच अडवलास. तिचा नवरा म्हणाला, आधी भगताकडे न्यायची. म्हातारी माणसं त्याच्या बाजूनं. मी वाद घालायला लागले. तू मला मागे सारलंस.

“भगताला टेम्पोत बसवा,” तू म्हणालीस. “मंतर म्हणत येऊ दे. पण टेम्पो आत्ता निघणार.”

आणि तो खरंच बसला. दुधाच्या कॅनमध्ये उकिडवा बसून, एका हातानं दांडी धरून, बदलापूर येईपर्यंत तो मंत्र म्हणत होता आणि तू जानीचं डोकं मांडीवर घेऊन “झोपू नको, बोल माझ्याशी” म्हणत होतीस. पहिल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तुझी साडी लाल झाली होती. तिथं लस मिळाली, डॉक्टर चांगले मिळाले. जानी वाचली. दोन बोटं मात्र वळायची बंद झाली.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून तू म्हणालीस, “आपली असेल.”

“काय?”

“घोणस. गेल्या महिन्यात दोन सोडल्या.”

“या रानात आपण यायच्या आधी घोणशी नव्हत्या?”

“होत्या.”

“मग?”

तू बाकावरून उठून जानीच्या खाटेकडे गेलीस. त्या ‘मग’चं उत्तर मी वर्षानुवर्षं मागत राहिले. तुला रडू देण्याऐवजी मी तुला पुरावे देत बसले. बांध कुठे, आपण सोडलं कुठे, मध्ये ओढा, घोणस किती लांब जाईल. तू मान हलवायचीस आणि विषय बदलायचीस.

जानी घरी आली त्याच आठवड्यात तू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझा फलक उतरवलास. मला न विचारता. मी रविवारी आले तर भिंतीवर चार भोकं. “यापुढे इथं एकही साप सोडायचा नाही,” एवढंच म्हणालीस. जिथं सापडेल तिथल्याच जवळच्या नाल्यात, झुडपात, मोकळ्या जागेत सोडायचा. मी भांडले. भांडून घरी गेले आणि तो सबंध हिवाळा फिरकले नाही. तूही बोलावलं नाहीस.

आणि त्या नियमानं काय झालं ते आठवतं ना? कॅम्पातल्या एका चाळीतून धामण पकडलीस आणि मागच्या नाल्याकडे निघालीस, तर शंभर माणसं आडवी आली. “मॅडम, पकडके फिर इधरही छोडती? दिमाग ठिकाने पे है?” तू हातगाडीवर चढलीस आणि धामण उंदीर खाते, गोदामातलं धान्य वाचवते, चावली तरी विष नाही, हे सांगत राहिलीस. कोणीतरी चप्पल फेकली. ती तुला नाही, पिशवीला लागली, आणि तू त्या माणसावर अशी ओरडलीस की गल्ली गप्प झाली. धामण तू तिथंच सोडलीस. पण त्यानंतर तिथून तुला बोलावणं आलं नाही. लोकांनी काठ्या काढल्या. गटारात मेलेले साप दिसायला लागले. मी तुला तेही ऐकवलं. “तुझ्या तत्त्वापायी मरतायत,” म्हणाले. तू म्हणालीस, “माहितीये मला.” एवढंच. यावर कोणी काय बोलायचं, सांग ना.

तरी तू थांबली नाहीस. गल्लीगल्लीत जाऊन बोलत राहिलीस. पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात लस ठेवा म्हणून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यास आणि शेवटी ठेवायला लावलीस. तेव्हा मला वाटलं, आता तरी ही जरा श्वास घेईल. तेवढ्यात वनखात्यात नवे साहेब आले. त्यांना धरणाच्या वाटेवर सहलीचं ठिकाण हवं होतं. आपल्याकडे कागद नव्हता. सापघर रिकामं करायला सांगितलं. अंगणाची भिंत पाडली, डबकं बुजवलं, आणि फाटकापाशी सिमेंटचा नाग उभा केला, माणसापेक्षा उंच, तोंडातून पाण्याचा फवारा. तू भांडायला गेलीस तर साहेब अगदी नरमाईनं म्हणाले, “बाई, लोकांना हेच आवडतं.” तू घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलंस. माझंच म्हणणं होतं ते, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मला ते ओळखू येईना. मला काचेतला एक नाग हवा होता गं, हे नको होतं. यातला फरक तुला समजावून सांगायचा राहिला. तुला कळला होता का? तू कधी टोमणा मारला नाहीस, म्हणजे कळला असावा.

आता ज्याच्यावरून मी खरी तुझ्यावर भडकलेय ते. खोकला. पावसाळ्याच्या आधीपासून खोकत होतीस. “धूळ गं, खडूची.” मग म्हणे हवा बदलली. मग म्हणे परीक्षा संपू देत. दुसऱ्याच्या बायकोला दुधाच्या टेम्पोत घालून तीन दवाखाने पालथे घालणारी तू, स्वतःसाठी रिक्षा केली नाहीस. सिद्धार्थनं जबरदस्तीनं नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. आणि हे मला कोणी सांगितलं? सिद्धार्थनं. तू त्यालाही बजावून ठेवलं होतंस, कुंदाला नको, ती उगाच वाद घालेल. घातला असता! तुला फरफटत नेलं असतं.

शेवटची भेटले तेव्हा तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस. मी मुद्दाम आजाराचा विषय काढला नाही. सिमेंटच्या नागाची गोष्ट सांगितली, की आता त्याच्या नळीत कचरा अडकतो आणि फवारा तोंडातून न येता नाकपुडीतून येतो, त्याला सर्दी झाल्यासारखं दिसतं. तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. तुझ्या वहिनी धावत आल्या, मला डोळ्यांनीच दटावलं. मी निघाले. तू म्हणालीस, “दार ओढून घे, मांजर येतं आत.” आपलं शेवटचं बोलणं हे. मी दार ओढून घेतलं.

सोमवारी जानी माझ्या दारात उभी. बदलापूरपर्यंत एसटीनं, तिथून विचारत विचारत कात्रपला. आत येईना.

“बाय गेली आन् मला कुनी सांगला नाय. दूधवाल्यानी सांगला, चार दिसांनी.”

शोकसभेचे बोर्ड लागले होते, पाड्यात कोणी निरोप दिला नव्हता. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिला हाताला धरून आत आणलं, चहा दिला. तिनं तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द काढला नाही. कामाचंच बोलली. आरोग्य केंद्रातली लस पावसाळ्यात वापरून संपलीय. कापणी तोंडावर आलीय. सिस्टर म्हणते, मी मागणी केली की नुसती मागणीच राहते, निर्मलबाई जाऊन भांडायच्या तेव्हा यायची.

“मंग आता कोन भांडनार?” जानीनं विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही दोघी आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. टेबलावरच्या माणसानं विचारलं, आपण कोण? तुझ्याकडे सांगायला प्राध्यापक होतं. मी म्हणाले, चित्रकलेची शिक्षिका. त्याला हसू आवरलं नाही. साहेब बाहेर गेलेत, उद्या या. माझा आवाज चढला, मग रडवेला झाला, आणि मला माझाच राग आला. तू कशी बोलायचीस तिथं? मला कधी नेलं का नाहीस बरोबर? दुसऱ्या दिवशी परत गेलो. साहेब मीटिंगमध्ये. आम्ही बाकावर बसलो. दुपारी साहेब बाहेर आले तेव्हा जानी उठली आणि तिनं आपला उजवा हात त्यांच्यापुढे धरला, नुसता. “ही दोन बोटा बगा सायेब,” म्हणाली. “बाकीची जागेवर हायेत ती लस मिलाली म्हनून.” साहेब वाईट नव्हते. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि शिपायाला हाक मारली.

बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये कुप्या घेऊन आम्ही एसटीत बसलो. जानीनं थर्मास मांडीवर घट्ट धरला होता. बदलापूर सुटल्यावर ती एकदम म्हणाली, “ती घोनस तुमची नव्हती.”

मला आधी कळलंच नाही. “कुठली?”

“मला चावली ती. आमच्याच बांधावरची. माझी सासू होती तवापासून तितं. शेंडा तुटलेला व्हता शेपटीचा, मी वलखली ना तिला.”

“अगं, मग बाईंना सांगायचं नाहीस?”

“सांगला ना! हास्पिटलातच सांगला. बाय बोलली, असू दे जानी. ही तुमची व्हती. फुडची आमची असंल.”

म्हणजे तुला माहीत होतं. मी ओढे नि बांध नि अंतरं मोजून तुझ्यापुढे मांडत होते, तेव्हा तुला माझ्याआधीच माहीत होतं. एका शब्दानं माझं तोंड बंद करता आलं असतं, ‘हो, आपली नव्हती.’ का नाही म्हणालीस? मला वाटतं, मी लगेच म्हणाले असते, बघ, मग सोडू या पुन्हा. म्हणालेच असते. फलकही परत टांगला असता. हे तू ओळखून होतीस आणि मला तसं बोलायची पाळी येऊ दिली नाहीस. पण निर्मल, इतकी वर्षं? मी एसटीत रडले. रागानं रडले, आणखी कशानं ते मला सांगता यायचं नाही. जानी वळण आलं की थर्मासवर हात ठेवायची, एवढंच.

आरोग्य केंद्रात सिस्टरनं कुप्या पोलिओच्या डोसांशेजारी ठेवल्या. जानीनं फ्रिजचं दार नीट लागलं का ते स्वतः ओढून बघितलं. मी म्हणाले, थांब, चहा घेऊ. ती म्हणाली, “नको, भात उभा हाय. उजेड हाय तवर कापून घेते.” पदर खोचला, कोपऱ्यातली कुणाची तरी काठी उचलली, आणि शेतातून निघाली.

दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, मधून अरुंद बांध. ती काठी पुढे आपटायची, क्षणभर थांबायची, मग पाऊल टाकायची. परत आपटायची, परत थांबायची. घाई अजिबात नाही. शेवटी पाड्याच्या झाडीत तिचं लुगडं दिसेनासं झालं. तोवर मी आरोग्य केंद्राच्या पायरीवरून हलले नाही.